नवव्या गाण्यातली टिंबं

शिरपूर जैन
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय बादल,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तूही बरा असशील. पुण्याचा पत्ता तुझ्या दोस्ताने, गोलूने दिला, त्याच्यावर चिडू नकोस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पुन्हा कागदच.

आधी एक चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तू गेल्यापासून बाबांनी तुझ्याबद्दल एकदाही विचारलं नाही. ते खरं नाही. तीनदा विचारलं. एकदा, पुण्याची गाडी सकाळी किती वाजता पोचते ते. एकदा केबल गुंडाळताना, "त्याचा तो काळा मायक नेला का त्यानं?" तिसऱ्यांदा काय विचारलं ते पुढे लिहिते.

आईची शुगर थोडी वाढली आहे, गोळी बदलली. माझ्या शिकवणीला आता अकरा मुलं येतात. टीईटीचा अभ्यास होत नाही. संध्याकाळी पुस्तक उघडते आणि त्याच पानावर बसून राहते. लग्नसराई सुरू होते आहे. लाउडस्पीकरची पहिली ऑर्डर सोळा तारखेची, म्हणून बाबांनी भोंगे उतरवून पुसायला घेतले. एकाचा आवाज फाटतो. आई म्हणाली, "बाप-लेक दोघंबी एकाच मशीनचे भोंगे. एक वाजला का दुसरा फाटते." बाबा हसले नाहीत. मीच हसले.

तिसरा प्रश्न त्यांनी तेव्हाच विचारला. "निकी, त्या अमेरिकेवाल्याच्या गाण्यात अजून काय होतं? का तेवढंच?"

मी म्हटलं, तेवढंच.

बादल, तेवढंच नव्हतं.

तुझा तो अमेरिकन रॅपरचा अल्बम, सोळा गाण्यांचा. उन्हाळाभर मी ऐकून ऐकून दोनशे पानी वहीत मराठीत उतरवून दिला. नेटवर सगळे शब्द लिहिलेले होते, तू लिंकही पाठवली होतीस. पण तिथे शिव्या पूर्ण लिहिलेल्या म्हणून मी ती उघडली नाही. कानाने लिहिलं आणि शिवी आली की टिंबं दिली. तू हसायचास, "ताई, तुह्या वहीत गाणं कमी अन् टिंबं जास्त हायेत." पुढे पुढे तर "मदर" ऐकू आलं आणि त्यामागे "फ" लागला, की पुढचं न ऐकताच माझा हात टिंबं द्यायचा.

नवव्या गाण्यात तिथे शिवी नाही. "मदर फरगेव्ह" आहे. तुझ्या आईने मला माफ केलं, तू कधी करशील, अशी ती ओळ आहे.

म्हणजे ते गाणं मुलगा म्हणत नाही. रॅपर स्वतःच्या बापाच्या तोंडून बोलतो आहे. तो बाप पोराला सांगतो, की तुझ्या दारात यायला मला तोंड नाही, तुझ्या भाकरीवर माझा हक्क नाही. ती एक ओळ मी गाळली आणि सगळं उलटं झालं. तुला वाटलं पोरगा बापाला सोडून चालला आहे. मीच तसं समजावून सांगितलं. तू त्याचं वऱ्हाडी केलंस, आणि किती चांगलं केलंस.

गणपतीत तू स्टेजवरून म्हटलंस, "लोकायनं पुसलं तं सांगजो, मले कोनी नाही." बाबा समोर मशीनवर बसले होते. अर्धं गाव त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी तुझा आवाज शेवटपर्यंत कमी केला नाही. मी बघत होते. त्यांचा हात बटणावरच होता.

घरी ते म्हणाले, "याच्यासाठी मशीन लावली का बे म्या?" तू ओरडलास, "गाणं हाय ते! तुमाले नाही समजत!" मग त्यांनी मला विचारलं, "तू सांग. त्याच्या गाण्यात असंच हाय काय?" मी हो म्हटलं. माझ्यावर विश्वास होता म्हणून ते पुढे बोललेच नाहीत. सकाळी तू गेलास.

मला ही चूक दसऱ्याला कळली, असं मी आत्ता लिहिणार होते. तेही खोटं. मला कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कळलं होतं. तू अंगणात पाठ म्हणत होतास, मी मूळ गाणं लावून बघत होते, आणि शेवटी ती लिंक उघडली. तुला सांगायला बाहेर आले. तू गोलूला सांगत होतास, "मही ताई इंग्रजीची मास्तरीण हाय, एक शब्द चुकत नाही तिचा." मी परत आत गेले. चहा ठेवला.

आपण दोघं शाळेत जायच्या आधी बाबांनी घरीच वाचायला शिकवलं ना, ते भोंग्यावरून द्यायचे त्या दवंडीच्या चिठ्ठ्यांवरून. हरवलेली म्हैस, नळाची वेळ, डोळ्यांचं शिबिर. मी एकदा "म्हैस" च्या जागी "गाय" वाचलं, कारण गाय मला सोपी जायची. तेव्हा ते म्हणाले होते, "कागदावर हाय तेच वाचाचं, पोरी. लोकं आपल्या आवाजावर म्हैस शोधतात."

मी थकले आहे, बादल. रोज त्यांच्या ताटात भाजी वाढते आणि आत निघून जाते.

म्हणून ठरवलं. बाबा सकाळी सातला अंगणात स्पीकरच्या सगळ्या पेट्या जोडून तपासणार आहेत, तेव्हा मी माझा फोन त्यांच्या मशीनला लावणार. नववं गाणं, पूर्ण. एकेक ओळ थांबवून मराठीत वाचणार, बाबांसमोर, आईसमोर, शिव्यांसकट. शेजारी ऐकतील, ऐकू देत. आणि आदल्या दिवशीचं पण सांगणार. मग ते मला काय म्हणायचं ते म्हणोत.

तू ये असं मी म्हणत नाही. तो हक्क मी घालवला. फक्त फोन चालू ठेव. कदाचित माझा येणार नाही, बाबांचा येईल.

टिंबं न देता,
तुझी ताई
निकिता

ता. क. पेट्या तपासायचा दिवस लिहायचा राहिला. राहिला नाही, टाळत होते. गुरुवार, १३ नोव्हेंबर.