‘व्हॉइड’ आणि आईची खोली

ता. ४ जून

चि. पंडितास अ. उ. आ.

तुझं पाकीट मिळालं. मी विचारलं काय, तू पाठवलंस काय! आईची खोली रिकामी करू का, हो की नाही, एवढंच विचारलं होतं. तू ‘व्हॉइड’ या इंग्रजी शब्दाची कुंडली पाठवलीस. तो जुन्या फ्रेंचमधून आला, मूळ लॅटिन, ‘व्हेकंट’ आणि ‘व्हेकेशन’ त्याचे भाऊबंद. मग अर्थ: पोकळी, रद्दबातल करार, पत्त्यांत एखाद्या रंगाचं पानच हातात नसणं. शेवटी तरी खोलीचं निघेल म्हणून मी ह्यांना वाचून दाखवत गेले. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ओरडून. शेवटचा अर्थ निघाला लघवी करणे! शेजारणीनं खिडकी लावून घेतली.

अरे, मागच्या पत्रात कळवलं होतं तशी तुझी भाची रविवारी तान्ह्या लेकीला घेऊन येतेय. जावई बोटीवर गेलाय, तो परत येईपर्यंत ती इथंच राहणार. त्यांना काय बाहेर ह्यांच्या रेडिओशेजारी झोपवू? आई गेल्यापासून तिचा पलंग, कपाट, शिवणयंत्र, सगळं होतं तिथंच आहे. दोघांनी हो म्हटल्याशिवाय हलवायचं नाही असं आपलं ठरलंय, म्हणून हात बांधलेत माझे. तुझ्यापुढे डोकं फोडून घ्यायची वेळ आलीय.

वैतागलेली, तरी तुझीच,
ताई

ता. ८ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

घोळ झाला गं. शब्दकोशाच्या नोंदी मी ज्या अर्ध्या कागदांवर लिहितो, त्यांवरच तुलाही पत्र लिहिलं आणि पाकिटं बदलली. नोंद तुझ्याकडे, पत्र छापखान्यात. तिथल्या कंपोझिटरनं इमानेइतबारे ‘व्हॉइड’खाली माझं पत्रच लावलं. प्रुफं आली, ती संपादकबाईंनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली.

त्यात मी लिहिलं होतं की खोलीला हात लावू नकोस. घरी आलो की मी आधी त्या दारात जाऊन उभा राहतो, तिथं आईचा पलंगच नसला तर येऊन करू काय? बाळाला काय, कुठंही झोप लागते.

कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. बाईंनी एवढंच विचारलं की बाळ केवढं आहे. मला सांगता येईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कर रिकामी. मी मात्र इतक्यात येत नाही. मला ते बघवणार नाही.

रागाव हवं तेवढं, लोभ तेवढा राहू दे.
तुझा पंडित

ता. १३ जून

चि. पंडितास अ. उ. आ.

बाळ दीड महिन्याचं आहे. लिहून ठेव तुझ्या कोशात.

मायलेकी अजून बाहेरच झोपतायत. रेडिओ बंद, त्यामुळे ह्यांचं तोंड एवढंसं झालंय. तू विचारशील, खोलीचं काय झालं. तुझं पत्र आलं तशी पदर खोचून गेले, कपाट उघडलं. कपड्यांना अजून आईच्या पावडरीचा वास येतोय रे. तसंच लावून टाकलं. इतके दिवस तुझ्या नावानं खडे फोडत होते, पण तू अडवतोयस याचाच मला आधार होता. तू हो म्हणालास आणि तो आधारच सुटला.

बघवणार नाही म्हणे! मला तरी कुठं बघवतंय? उद्याची गाडी पकड आणि मुकाट्यानं ये. पलंग जड आहे, एका टोकाला मी धरीन, दुसऱ्या टोकाला तू हवास.

लोभ पत्रातून नको, समक्ष दाखव.
ताई