तिरप्या रेघा

३ फेब्रुवारी १९४१, सेनगाव
कोऱ्या कागदावर नुसत्या तिरप्या रेघा ओढल्या तरी डोळा त्यांच्यामागे का धावतो? मला सांगता येत नाही. बी.ए. झाले तरी! हैदराबादेहून आणलेल्या मासिकात एका परदेशी चित्रकाराचं चित्र आहे. झाड नाही, माणूस नाही — काळ्या रेघा, तुटके त्रिकोण, कोपऱ्यात लाल गोल. कुठूनही बघा, नजर गोलावरच जाऊन थांबते. गोलावर अंगठा ठेवला की सगळं चित्र सैरभैर!

५ फेब्रुवारी
आत्याला ते चित्र उलगडून सांगितलं. ती म्हणाली, "मंग आपल्या पंचफुलाच्या पायाचं काही होते का यानं?"
पंचफुला माझी धाकटी बहीण. तापात डावा पाय आखूड राहिला. मागचं स्थळ तिची चाल बघूनच परत गेलं. रविवारी पुसेगावचे तातेराव मुलासाठी तिला बघायला येणार.
तिचं म्हणणं, अशाच रेघांची रांगोळी काढ, म्हणजे पाहुण्यांची नजर पायावर जाणार नाही. मी म्हटलं, ही फसवणूक आहे.
"काहून शिकवलं मंग तुला, माय? एवढं तरी होऊ दे!"
शी!

९ फेब्रुवारी
काढली रांगोळी. मधून वाट, दोन्ही बाजूंनी तिरप्या रेघा, त्रिकोण, पाटापुढे कुंकवाचा मोठा गोल. पंचफुला चालत आली. पाहुण्यांची नजर तिच्या पावलांपुढे धावत गोलावर जाऊन बसली. तातेराव म्हणाले, "चाल बराबर हाय. फोडा सुपारी."
आत्याने दृष्ट काढली — माझी!
किळस आली. जास्त किळस याची, की क्षणभर मी खूश झाले होते.

१० फेब्रुवारी
सकाळी पंचफुला रांगोळी झाडत होती. म्हणाली, "ताई, मी चालताना तू कुठं बघून राहिली होतीस?"
गोलाकडे. रेघा माझ्याच, आणि मीही त्यांच्यामागे गेले! बहीण समोरून चालत आली, मी तिला पाहिलंच नाही.
विचारलं, हे लग्न तुला हवंय का?
"हवं हाय. पण तिथं माह्यासाठी रोज कोण रांगोळी घालंल?"

११ फेब्रुवारी
आमचे वडील, दादा, लग्नाची तिथी काढून आले. घरात सगळे गोड बोलतात.

१३ फेब्रुवारी
दादा, आत्या शेतात गेल्यावर गाडी जुंपायला लावली. दोघी पुसेगावला जाऊन आलो. तातेरावांच्या साध्या सारवलेल्या अंगणातून पंचफुला सावकाश, पाय ओढत गेली. ओसरीपुढे थांबली. म्हणाली, "मी अशी चालते, मामा. आता बोला."