चव बदलली

बुधवार, संध्याकाळ

गुरुजी आज बांगड्याचं कालवण अर्धं टाकून उठले. "चव बदलली हो तुमची," म्हणाले. दोन वर्षं दर बुधवारी आमच्या खानावळीतच जेवणारा माणूस! आणि मी काय म्हणालो? "हो का?"

कशी बदलेल? माझी बायको सुमन तेच वाटण वाटते, त्याच पाट्यावर. बदललं एवढंच, की तपासणीला आलेल्या साहेबांनी परवाना दिसेल असा लावायला सांगितला, म्हणून काल तो भिंतीवर लावला. त्यावर माझं पूर्ण नाव आहे. आजवर गिऱ्हाईकांसाठी मी नुसता 'मालक'. आडनाव वाचलं, की आमची बौद्धवाडी इथे कुणालाही कळते. गुरुजींनी जेवता जेवता चष्मा लावून ते वाचलं. मी बघत होतो. मग चव बदलली.

आरे-वारेचा समुद्र बघून आलेल्या पाहुण्यांनी त्याच टोपातलं कालवण दोनदा मागून घेतलं. त्यांनी भिंत वाचलीच नाही.

मघाशी सुमनने परवान्यावर कॅलेंडर टांगलं. संतापलो. काढायलाच उठलो. कॅलेंडर जरा तिरकं होतं, आडनावाचं शेवटचं अक्षर दिसत होतं.

मी ते सरळ केलं.