जात्यावरची एकतारी

मु. गोरेगाव
चैत्र वद्य पंचमी, शके १८६०

प्रिय नातवा,

आजीचा आशीर्वाद. वर तुझं नाव नाही, नुसतं 'नातवा' आहे, म्हणून फुगून बसू नको. मी नाव सांगितलं होतं, पण लिहिणारं माणूस हातात टाक धरून खाली बघत तसंच बसलं. म्हटलं, राहू दे, मला नातू एकच आहे, कुणाशी अदलाबदल व्हायची नाही. आणखी एक. मी 'न्हाई' म्हणते आणि कागदावर 'नाही' उतरतं, असं माझ्या कानावर आलंय. माझं बोलणं तांदळासारखं निवडून लिहिणं चाललंय. चालू दे. तू हैदराबादेच्या छापखान्यात दिवसभर अक्षरं जुळवणारा, तुला खडा लागू नये.

दिवाळीत ओसरीवर बसून करंज्या खात होतास, ते आठवतं का? मी म्हटलं, आता मनकर्णेला सोबत ने. बायको इथं जातं ओढते, नवरा तिथं खानावळीत पाण्यासारखं वरण पितो, हा कसला संसार? तर तू म्हणालास, तिथल्या लोकांच्या बायका पोथी वाचतात, रस्त्यावरच्या पाट्या वाचतात. हिला अक्षर येत नाही, गल्ली चुकली तर घर सापडायचं नाही. मी म्हटलं, शिकंल. तू हसलास. मोठेपणी शिकलेलं अंगी लागत नाही म्हणे! आणि वर करंजी मोडत म्हणालास, "आजी, तूच एखादं वाद्य शिकून दाखव. हनुमान जयंतीला मारुतीच्या पारावर एक भजन सुरू करून शेवटाला ने. मग पुढच्या गाडीनं हिला घेऊन जातो." दाराआड बांगड्या वाजून राहिल्या होत्या, त्या एकदम थांबल्या. तुझं लक्ष करंजीत होतं. माझं दारात होतं.

तू गेलास आणि मी सोपं वाद्य शोधायला निघाले. आधी व्यंकटरावाकडं गेले, भजनी मंडळाची पेटी त्याच्याकडंच असते. त्यानं तोंड वाकडं केलं, तरी दाखवली. डावा हात भाता हलवणार, उजवा हात पट्ट्या दाबणार. माझे दोन हात म्हणजे एका चुलीवरच्या दोन जावा झाल्या. एक बोलली की दुसरी रुसायची. मग गुराख्याचा पावा तोंडाला लावला. समोरचे दोन दात नाहीत, त्यामुळं निम्मा वारा पाव्यात आणि निम्मा समोरच्याच्या तोंडावर. ढोलकीनं बोटांची हाडं बोलायला लागली. टाळ सोपा होता, पण तो घेतला असता तर तू म्हणाला असतास, तो तर कुणीही आपटतो. व्यंकटरावानं पारावर जाहीर केलं की म्हातारी आता शंख फुंकणार. मीही म्हटलं, फुंकीन, आधी तुझी पेटी सुरात येऊ दे.

वाद्य सापडलं ते मकबूल पिंजाऱ्याच्या पाठीवर. थंडीत तो नेहमीसारखा गाद्यांचा कापूस पिंजायला आला. त्याच्या पिंजणाची तात तांय्‌ तांय्‌ वाजून राहिली होती आणि मी कापूस सोडून तिच्याकडंच बघत बसले. इतकी वर्षं ऐकते रे, पण कधी कान दिला नव्हता. एकच तात, एकच हात, आणि सगळं अंगण घुमतंय! मी त्याला माझं दुखणं सांगितलं. तो म्हणाला, "अम्मा, दो हात का बाजा कायकू? एक तार बस." आपल्या वेलाचा वाळका भोपळा मी बियाण्याला ठेवला होता, तो त्यानं कापला, कातडं मढवलं, बांबूची दांडी लावली. पिंजणाची तात लावून मला आवाज ऐकवला आणि लगेच सोडूनही टाकली. म्हणाला, ही आतड्याची असते, मारुतीच्या पारावर बराबर दिसायची नाही. हिंगोलीच्या बाजारातून पोलादी तार आणून ओढून दिली. मी न विचारता त्यानं हे ध्यानात धरलं, हे तुझ्या छापखान्यात कुठंतरी छापून ठेव.

आता एक तार म्हणजे सोपं, असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण बोट चालायचं तर तोंड थांबायचं, तोंड चालायचं तर बोट पळायचं. शेवटी पहाटे मनकर्णा दळायला बसली की मी खुंटा सोडून तिच्यासमोर एकतारी घेऊन बसायला लागले. जातं फिरलं की माझं बोट फिरायचं. गाणं तिचं, घरघर जात्याची, तार माझी. हिवाळा असा गेला, शिमगाही गेला. दुपारीही मी जात्यापाशी तार छेडायचे, तेव्हा मास्तरांच्या घरच्या पार्वतीबाई येऊन बसायला लागल्या. मला वाटायचं, माझं ऐकायला येतात. तसं नव्हतं, पण ते पुढं सांगते.

हनुमान जयंतीला सारं गाव पारावर. व्यंकटरावानं मुद्दाम मला शेवटी ठेवलं, लोक सुंठवडा घेऊन उठायला लागले तेव्हा म्हणाला, "आजीबाई, तुमचं काय ते उरका." मी बसले. देवाचं नाव घेतलं, खरं सांगायचं तर तुझंही घेतलं. जात्यावरचं तेच गाणं धरलं आणि सुरुवात झ्याक झाली. बोट चालतंय, आवाज लागतोय, उठलेली माणसं बसून राहिलीत. आणि कडवं मध्यावर आलं न आलं तोच माझं बोट तारेवरून उठलं, हात आपोआप डावीकडं गेला आणि रिकाम्या फरशीवर मूठ भरायला लागला. अरे, घास! जात्यात धान्याचा घास घालायची वेळ झाली होती! पहाटे मनकर्णा घास घालायची तेव्हा जातं मंद व्हायचं, माझं बोटही थांबायचं, तोंडही. ते थांबणं मी शिकूनच बसले होते. पुरुष खो खो हसले. व्यंकटराव म्हणाला, "संपलं व्हय, म्हातारे?" माझी फजिती मी पचवली असती रे, पण हे भजन एकट्या माझं नव्हतं. मागं लिंबाखाली बसलेल्या एकीचं हैदराबाद त्यात अडकलं होतं.

तेवढ्यात त्या लिंबाखालूनच एक आवाज उठला. कडवं जिथं मोकळं सुटलं होतं तिथूनच त्यानं धरलं. त्याच्यामागं दुसरा, मग सगळ्याच बायका. कारण या गावात अशी बाई नाही की जिला ती जागा ठाऊक नाही. हात घासाला गेला तरी गाणं गळ्यानं पुढं न्यायचं, हे आईच्या मांडीवर ऐकलेलं असतं. माझं बोट परत तारेवर आलं. पुढच्या कडव्यात पुन्हा तसंच, मी थांबले की त्या उचलायच्या. व्यंकटरावानं पेटी घुसवून बघितली. दरवेळी त्या खाचेत तो एकटाच भोंगा वाजवत पुढं जायचा. लोक आता त्याला हसायला लागले. शेवटी बिचाऱ्यानं भाता मिटला, टाळ उचलला आणि बायकांच्या पाठीमागून मुकाट ठेका धरला. भजन शेवटाला गेलं. मकबूल पाराखाली उभा होता, त्यानं डोक्यावरचा रुमाल काढून हवेत फिरवला. आणि पहिला आवाज कुणाचा होता, ते तू ओळखलं असशीलच.

आता पत्र कशाला लिहिलं ते. तू शब्द दिलास, तो पाळ. आखितीच्या सणाला गाडीनं ये आणि तिला घेऊन जा. माझी काळजी नको. दळायला शेजारीण येईल, आणि पारावर आता दर शनिवारचं मला बोलावणं आलंय. पण तू म्हणशील, आजी जिंकली, मनकर्णेला अक्षर कुठं आलंय? पार्वतीबाई दुपारच्या येत होत्या ना, त्या जात्याभोवती सांडलेल्या पिठात तिला बोटानं अक्षरं काढायला शिकवायला. तेच पीठ, तेच जातं. मी एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. हे सगळं पत्र तिच्या हातचं आहे. आता ओळी वाकड्या होऊन राहिल्यात असं तीच सांगते, म्हणजे रडते आहे किंवा हसते आहे, मला चष्म्याशिवाय दिसत नाही. वर तुझं नाव का लिहिलं नाही, ते आता उमगलं? उखाण्यापलीकडं तिनं ते कधी घेतलं नाही. पण मी तिला सांगितलंय, पाकिटावर नावाशिवाय टपालवाला पत्र पोचवणार नाही. तेव्हा पाकीट फेकू नको. जपून उलटं कर आणि बघ, तुझ्या बायकोनं तुला हाक मारली आहे.

तुझीच,
एकतारीवाली आजी
(खालचा अंगठा मात्र माझा)