तुम्ही केलेलं लॅमिनेशन

अब्बा, गेल्या महिन्यात मी तुम्हाला शिव्या घातल्या. मोठ्याने, स्वयंपाकघरात उभी राहून, तुमच्या नातीसमोर. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. गेलेल्या माणसाला असं बोलू नये हे मला कळतं, पण तुम्ही काम तसंच करून ठेवलं होतं.

सांगते. एक्केचाळिसाव्या वर्षी मी कॉलेजात जाते. हसू नका. सकाळी डबे भरायचे, लेकीला शाळेत सोडायचं आणि मग पोरापोरींच्या रांगेत जाऊन बसायचं, अशी दोन वर्षं मी इथे दोह्यातल्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगची काढली. आता तिथून युनिव्हर्सिटीत जायचं होतं, थेट तिसऱ्या वर्षाला. त्यांनी माझे सगळे विषय मान्य केले. ॲडमिशन मिळाल्याचा ईमेल आला तेव्हा मी कुकरचं झाकण हातात घेऊन नाचले. मग खालची ओळ वाचली. बारावीचं मूळ सर्टिफिकेट हवं, त्याच्या पाठीमागे इथल्या देशाच्या दिल्लीतल्या वकिलातीचा शिक्का हवा, आणि ते महिनाअखेरीपर्यंत जमा झालं नाही तर ॲडमिशन रद्द. कम्युनिटी कॉलेजने हमीपत्रावर भागवून घेतलं होतं, आणि मीही इन्शाल्ला, बघू, करू, असं म्हणत दोन वर्षं ढकलली होती. चूक माझीच. पण त्या दिवशी ते कोण कबूल करणार?

शिक्क्यांची कामं करणारा एजंट आपल्या रायगडचाच. त्याने सर्टिफिकेट हातात घेतलं, उलटं केलं आणि नखाने त्यावर टकटक केलं.

"भाभी, हे लॅमिनेशन कोणी केलं?"

"माझ्या अब्बांनी."

"सगळ्यांचे अब्बा सारखेच," तो म्हणाला. "अहो, प्लास्टिकवर शिक्का बसत नाय. मागची बाजू मोकळी करून परवा आणा, नायतर दिल्लीहून वेळेत परत येणार नाय. आणि फाटलं तर माझं नाव नाय घ्यायचं."

बोर्डाकडून दुसरी प्रत मागवायची तर दोन-तीन महिने. म्हणजे हे वर्ष गेलं. पुढच्या वर्षी माझ्या नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, मग आम्ही इथे असू की नाही ते अल्लालाच ठाऊक. म्हणजे आता नाही तर खलास.

प्लास्टिकचं तुमचं वेड मला काय ठाऊक नव्हतं? पंचवीस वर्षं इथल्याच एका कंपनीच्या गोडाऊनमध्ये स्टोअरकीपर होतात तुम्ही, धूळ आणि घाम यांच्याशी तुमचं जन्माचं वैर. रजेवर घरी आलात की पहिल्या दिवशी टीव्हीच्या रिमोटला पिशवी. रेशनकार्डाला पिशवी, माझ्या लशींच्या कार्डाला पिशवी. आई म्हणायची, "एक दिवस मलापण गुंडाळून ठेवतील." बारावीचा निकाल लागला तेव्हा मी सर्टिफिकेट दाखवायला धावत आले ती कोळंबी सोलता सोलता, आणि तुम्ही असे ओरडलात की शेजारची बाई कुंपणाशी आली. "हात धू आधी! हा कागद काय बाजारातला आहे गो?" त्याच रजेनंतर तुम्ही तो कागद बॅगेत घालून दोह्याला घेऊन गेलात आणि पुढच्या वर्षी परत आणलात तो असा, दोन्ही बाजूंनी जाड, कडक, पापलेटासारखा चकचकीत.

तर दोह्यात मुऐदर भागातल्या आमच्या दोन खोल्यांत, जुम्म्याच्या दुपारी, ऑपरेशन सुरू झालं. नवरा नमाजाहून आला, टेबलाकडे बघितलं आणि "मला यात ओढू नका" म्हणून बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. तुमच्या नातीने मोबाइलवर तीन व्हिडिओ बघितले होते. ती हेअर ड्रायर धरून उभी, मी ब्लेड घेऊन. कडेला चीर दिली, प्लास्टिक गरम झालं तसं एका कोपऱ्यातून सुटायला लागलं, आणि मला वाटलं, झालं, यल्ला, चला. ओढलं जरा जोरात.

"अम्मी, डोन्ट पुल! स्लोली!"

कागदाचा पापुद्रा प्लास्टिकबरोबर वर आला. बोटाच्या नखाएवढा. एसी चालू असताना घामाच्या धारा लागल्या. तेव्हा मी तुम्हाला बोलले, अब्बा. काय काय बोलले ते लिहीत नाही. "शिकायला पाठवलं नाही ते नाहीच, वर कागदसुद्धा असा करून ठेवला की कुणाच्या कामाला येऊ नये," हे त्यातलं सगळ्यात सभ्य. लेकीने ड्रायर खाली केला. मग म्हणाली, "आय विल डू इट." तिने माझ्या हातातून ब्लेड काढून घेतलं. पाऊण तास लागला तिला. एक एक सूत गरम करायचं, एक एक सूत सोडवायचं. मी खुर्चीवर बसून कुराणातली आयतल कुर्सी म्हणत होते आणि मध्येच तुम्हालाही बोलत होते. दोन्ही एका तोंडाने.

निघालं. एक कोपरा फाटला, पण नंबर आणि सही शाबूत राहिली. एजंटाने कागद उजेडात धरून बघितला आणि "चालून जाईल" म्हणाला. ते दिल्लीला गेलं. मग रोज मी त्याला मेसेज करायची आणि रोज तो "अजून नाय" लिहायचा. महिना संपायला दोन दिवस उरले असताना कागद परत आला, पाठीवर गोल निळा शिक्का घेऊन. त्याच दिवशी लेकीला घेऊन मी युनिव्हर्सिटीच्या खिडकीवर गेले.

तिथली बाई भली होती. फाटक्या कोपऱ्यावर तिने बोट फिरवलं, आत गेली, कुणाला तरी विचारून आली. पाच मिनिटं लागली. परत येऊन तिने फाइलवर ठप्पा मारला आणि हसली. अर्जासोबत एक निबंध द्यायचा असतो, शिक्षणात खंड का पडला यावर. तो तिने वाचला होता. ती इंग्रजीत म्हणाली, "तुमचा निबंध लक्षात राहिला. तुम्हाला शिकू न देणारे वडील आज बघायला हवे होते, त्यांना वाईट वाटलं असतं." लेकीने माझा हात दाबला. मी म्हटलं, "येस मॅडम. थँक्यू."

अब्बा, तुम्ही सर्टिफिकेट दोह्याला का नेलं होतं ते मला ठाऊक आहे. मित्रांना दाखवायला नाही. तुम्ही ते घेऊन माझ्या ॲडमिशनसाठी इथल्या इन्स्टिट्यूटच्या पायऱ्या चढलात, साहेबाच्या मागे लागून फॅमिली व्हिसाचं बघितलंत, आणि दहा ठिकाणी दाखवताना घामाने भिजू नये म्हणून लॅमिनेट केलंत. पुढच्या रजेत चुलीपाशी पाटावर बसलायत तुम्ही, हातात फॉर्म आहे, विचारताय, "येतेस? तू आणि आई, दोघी या." आणि मी म्हणतेय, "मला नाय शिकायचं." इंग्रजीतून मुलाखत होती. मला एक वाक्य धड बोलता येत नव्हतं. शिवाय स्थळ आलं होतं, मला बांगड्या भरायच्या होत्या. तुम्ही दोनदा विचारलंत. मग "बरं" म्हणालात.

नंतर तुमची बहीण, फुफू, आली आणि तुमच्यावर कडाडली, की पोरीला का नाय शिकवलंस? चहाचा ट्रे घेऊन मी दारात उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि तिला म्हणालात, "मीच नको म्हटलं." पोर घाबरली असं सासरी कळू नये म्हणून. मी ट्रे खाली ठेवला आणि आत गेले. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला काय सांगणार, असा चेहरा करून मी पुढे सगळ्यांना तेच ऐकवलं. सासरी, नवऱ्याला, आणि आता युनिव्हर्सिटीलाही. इतक्या वर्षांत मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

रविवारपासून क्लास सुरू आहेत. त्या दिवशी युनिव्हर्सिटीहून गाडीतून परत येताना लेक म्हणाली, "नाना वॉज सो अनफेअर टू यू." मी तिला काहीच सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही, अब्बा. तिने माझ्यासाठी तो कागद पाऊण तास सोडवला, तिच्यासमोर खोटी पडायची मला भीती वाटते.