वाघोलीला जाण्यापूर्वी पोथ्यांची व्यवस्था

मी, कुमारी श्यामला विनायक ओगले, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त संस्कृत प्राध्यापिका, राहणार कसबा पेठ, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. एरवी हे वाक्य रिवाज म्हणून लिहितात. माझ्या बाबतीत सगळे भांडण त्यावरच आहे.

कलम १. माझ्या दिवंगत भावाचा मुलगा केदार वाघोलीत इमारती बांधतो. तिथल्या एका जुन्या विहिरीच्या जागेवर त्याने हक्क सांगितला आहे. विहिरी खणण्याच्या शास्त्रावरचा एक संस्कृत ग्रंथ मी उभा जन्म संपादित करत आले. दिवाळीत केदारने त्याच ग्रंथाची 'नुकतीच सापडलेली' पोथी आणली. ती विहीर आमच्या मूळ पुरुषाने खणली, असे तिच्यात श्लोक आहेत. पोथी अस्सल असल्याचे मी लिहून द्यावे, ही त्याची मागणी. कागद जुना आहे खरा, पण किड्यांनी पाडलेल्या भोकांच्या आतल्या कडांना शाई लागली आहे. म्हणजे किडे आधी जेवले आणि श्लोक मागाहून आले.

"आत्या, एक सही तर करायची! कोण बघतंय?"

"मी बघतेय," मी म्हटले.

कलम २. तेव्हापासून मला 'विसर पडू' लागला आहे. चष्मा फ्रीजमध्ये सापडतो. गोळ्यांच्या डबीत एकाच वेळच्या गोळ्या दुप्पट भरलेल्या असतात. घराची दुसरी किल्ली केदारकडे आहे. शुक्रवारी त्याने एक तरुण डॉक्टर आणला. त्याने आजची तारीख विचारली. जन्म पोथ्यांत गेलेला. मी सवयीने तिथी सांगितली, माघ वद्य पंचमी, शके १९४७. त्या शहाण्याने लिहिले, 'रुग्णाच्या मते सध्या १९४७ साल चालू आहे.' केदारने तो कागद घडी करून खिशात घातला. मला तेव्हा हसू आले. आता भीती वाटते.

कलम ३. माझ्या सर्व पोथ्या आणि ग्रंथाची मुद्रणप्रत माझी विद्यार्थिनी रुमाना युसूफ बागवान हिला द्याव्यात. पोथ्या ताडायला दोन माणसे लागतात : एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने दुसऱ्या प्रतीवर नजर ठेवायची. आमच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रीबुवांनी मला वर्षानुवर्षे नुसते वाचायला बसवले आणि संपादक म्हणून स्वतःचे नाव छापले. त्यांना मी माफ केलेले नाही. रुमानाचे नाव मी संपादक म्हणून माझ्या नावाशेजारी घातले, तेव्हा ती म्हणाली, "बाई, लोक काय म्हणतील?" म्हटले, लोक संस्कृत वाचत नाहीत.

कलम ४. राहता फ्लॅट केदारला. होय, केदारलाच. मी वेडी होते हे त्याने सिद्ध केले, तर हे मृत्युपत्र रद्द होईल आणि वारसाहक्काने अर्धा फ्लॅट त्याची बहीण ओवी हिला जाईल. त्याने शांतपणे विचार करावा. ओवीला हे ठाऊक आहे, आणि तिची हरकत नाही.

कलम ५. सत्काराच्या शाली मंडईतल्या हमालांना वाटाव्यात. मला त्यांची ऊब कधी लागली नाही.

कलम ६. उद्या सकाळी केदार मला वाघोलीला न्यायला येणार आहे. "हवापालट होईल गं, आत्या!" इतक्या मायेने तो लहानपणीही बोलला नव्हता. मी जाणार आहे. नाही म्हटले तर तो आजच पोथ्यांचे कपाट उघडेल (त्याचे श्लोक त्यांतल्या एकाही प्रतीत नाहीत), आणि त्या सुरक्षित जागी पोचवायला रुमानाला अजून थोडे दिवस लागतील. तेवढे दिवस मी तिथे विसरभोळी म्हातारी होऊन बसेन.

वाघोलीहून माझ्या सहीचा कोणताही कागद आला, तर तो माझा मानू नये. मी तिथे वारले, तर केदार अंत्यविधीची घाई करील. ती करू देऊ नये. आधी पोलिसांना कळवून तपासणी करावी, मग जाळावे.

(सही) श्यामला विनायक ओगले

आम्ही दोघांनी बाईंना समोर सही करताना पाहिले. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. रुमाना लाभार्थी असल्याने साक्षीदार नाही; ती खाली जिन्याच्या तोंडाशी उभी राहून रस्त्याकडे पाहत होती.

साक्षीदार :
१. डॉ. तेजस्विनी आगाशे, कसबा पेठ (सही)
२. युसूफ करीम बागवान, फळविक्रेते, मंडई (सही)

पुणे, दि. १० फेब्रुवारी २०२६