इबूच्या नाकावरची गाठ आणि तपकिरी रंग

तीर्थरूप दादा, मास वाहोनो यास, धाकटी बहीण विंदारती हिचा सेमारांगहून सलाम.

तुझी पाठ, तुझा खोकला आणि बालिकपापानची ती कोळशाची धूळ अशी तिघं एकमेकांशी सुखाने नांदत असतील, अशी आशा आहे. इकडे इबू बरी आहे. घरात सगळं दुःख त्याचंच आहे. सांगते.

आपल्या आईच्या नाकाभोवतीचे ते दाणे तुला ठाऊकच आहेत (आजोबांनी इस्टेट म्हणून तेवढेच मागे ठेवले). रमजाननंतर त्यातला एक वाढायला लागला, त्यावर खपली धरली, म्हणून तो कापून काढला. तुकडा तपासायला आला तो माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्याच टेबलावर. केसाच्या मुळाशी होणारी निरुपद्रवी गाठ आणि कातडीचा कॅन्सर ही सूक्ष्मदर्शकाखाली कधीकधी जुळी भावंडं दिसतात. मग गाठीतलं एक प्रथिन तपकिरी रंगवून बघतात. रंग काठाकाठाने राहिला तर बहुतेक चिंता नसते, आतबाहेर पसरला तर मात्र असते. आमचा पसरला. इबूचा तुकडा तपकिरी, आणि पडताळ्यासाठी ठेवलेला, ज्यात ते प्रथिन नावालाही नसावं, तो तुकडाही तपकिरी! म्हणजे रंगच बिघडला होता. पण हे ध्यानात येण्याआधीच मी घरी फोन करून रडून घेतलं होतं (डॉक्टर झाले तरी मुलगीच ना मी), आणि फोन उचलला होता आपल्या मावशीने, बुदे कास्मिनाहने. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायका प्रार्थनेला जमल्या. जन्माचा अबोला धरलेली शेजारीण कोंबडीचा रस्सा घेऊन आली. इबू उशांना टेकून बसली होती आणि आपल्या मागे लोकांना वाढायच्या तेंपेच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, वड्या फार जाड कापू नका, असं बजावत होती. इतकी खुशीत मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा रंगवलं. तपकिरी रेघ फक्त काठाला. मी धावत घरी गेले.

"नीट बघितलंस?" इबूने विचारलं.

"वरिष्ठांनाही दाखवलं. तुला काहीही झालेलं नाही."

"म्हणजे वाहोनो काही येत नाही आता," असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करून निजली.

बुदे माझ्यावरच खेकसली, "एवढी शिकलीस, पण आईला एक धड आजार देता येईना तुला!"

तेव्हापासून घराला सुतकी कळा आली आहे. शेजारणीने अबोला पुन्हा धरला, रस्सा बंद झाला. इबू दोन घास खाते आणि ताट सारते. तुला दोन्ही ईदना सुट्टी मिळाली नाही, हा विषय तिने कुणाजवळ काढलेला नाही. मीही काढत नाही.

तुझी बहीण,
विंदारती

ता. क. तुला 'कॅन्सर आहे' असं कळवायचा इबूचा हुकूम होता. खोटा अहवाल मी देत नाही, म्हणून वर खरं तेच लिहिलं आहे.

आणखी एक (वरचं सगळं कालचं, हे आज लिहिते आहे). तिला मात्र सांगितलंय, की 'तू म्हणालीस तसंच लिहिलं.' तेव्हा येताना तोंड जरा रडवेलं ठेव. कालपासून ती पोटभर जेवते आहे, आणि आज सकाळी तिने तुझी गादी उन्हात टाकली.